फ्युजन ऐकून कान बिघडतो का, आणि बडा ख्याल लावला की मन का उडतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुम्ही म्हणताय की घरात शास्त्रीय संगीताचं काही वातावरण नव्हतं, एका फ्युजन बँडमुळे भूप आणि यमन या रागांची गोडी लागली, आता त्याच रागातला बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांब रागगायन, लावला की दहा मिनिटांत लक्ष उडतं, आणि वर ओळखीतल्या एका काकांनी सांगून टाकलंय की ही भेसळ ऐकून ऐकून तुमचा कान बिघडलाय. तर कान खरंच बिघडतो का, मूळ गाणं आवडायला काय करावं, आणि त्यासाठी स्वतः गाणं शिकावं लागेल का.

मी ख्यालाला पेटीची साथ करतो, थोडंफार शिकवतो, आणि स्टुडिओत रागावर आधारलेल्या गाण्यांचं अरेंजिंगही करतो. म्हणजे काका ज्याला मूळ म्हणतात ते आणि ज्याला भेसळ म्हणतात ते, दोन्ही माझं रोजचं काम आहे आणि दोन्हीवर मनापासून प्रेम आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो, कान बिघडत नाही. भूप तुम्हाला आवडला ना? गाण्याच्या गर्दीतून तो तुमच्या कानाने वेचला ना? मग कान शाबूत आहे. तुमची खरी अडचण वेगळी आहे आणि ती मूळ विरुद्ध नवीन अशी नाहीच. चार मिनिटांच्या गाण्यात अरेंजरने तुमच्या वतीने तीन कामं करून ठेवलेली असतात. ड्रम सतत वाजतो म्हणून आपण तालात कुठे आहोत ते कळत राहतं, खालचे कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बदलतात म्हणून इथे उदास व्हायचं, इथे उजळायचं हे आपसूक समजतं, आणि तीन-सव्वातीन मिनिटांना गाणं शिखरावर जाणार हे शरीराला आधीच माहीत असतं. बड्या ख्यालात ही तिन्ही कामं ऐकणाऱ्याने करायची असतात. ती करायची असतात हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून तुम्ही नुसते बसून राहता, काहीच घडत नाहीये असं वाटतं, आणि मन उडतं. ऐकायचं कुठे, नजर कुठे ठेवायची, हे कळलं की तेच गाणं एकदम भरलेलं वाटायला लागतं, हे मी शिकायला येणाऱ्या कितीतरी लोकांच्या बाबतीत बघितलंय.

उदाहरण म्हणून विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल घ्या. बारा मात्रा, म्हणजे बारा ठोके, पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुष्कळदा पाऊण ते एक मिनिटाचं होतं. तबल्याचा ठेका असा असतो, धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. यात तिरकिट दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. बाकी काही नाही कळलं तरी चालेल, फक्त दुसरं तिरकिट पकडा. ते वाजलं की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आता दोनच मात्रांवर आलेली असते आणि गायकाला मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, उचलून बरोबर पहिल्या धिंवर येऊन पडायचंय. आता ऐका, गायक मध्ये कुठेतरी गंधारावर, म्हणजे ग या स्वरावर, रेंगाळलेला असतो, तिरकिट वाजून जातं, आपल्याला वाटतं आता हा चुकणार, आणि तो एक छोटीशी ओढ घेऊन मुखड्यात शिरतो आणि समेवर येतो. माणसं मान डोलावतात, वा म्हणतात, ते तिथे. साथीला बसल्यावर मला अजूनही दर आवर्तनाला ही धाकधूक असते आणि तीच मजा आहे. ड्रमवर तुम्हाला दर सेकंदाला सम मिळते म्हणा ना, इथे मिनिटाला एक मिळते, पण वाट बघितलेली असल्याने ती वेगळीच लागते.

आता काकांचा मुद्दा. ते भेसळ म्हणतात त्यामागे त्यांचं गाण्यावरचं प्रेमच आहे, पण "मूळ" म्हणून आपण जे धरून बसलोय ते सगळं कधी ना कधी नवीनच होतं. धृपद या त्याहून जुन्या गायनप्रकाराच्या काळात ख्याल नवीन होता, अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारात सदारंगांनी ज्या बंदिशी, म्हणजे रागातल्या रचना, बांधल्या त्या आज आपण परंपरा म्हणून शिकवतो. मी जी पेटी वाजवतो ती परदेशी वाद्यावरून आपल्याकडे रुजलेली, आणि तिला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती, कारण तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींशी, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागांशी, जुळत नाहीत. संतूर काश्मीरच्या सुफियाना मौसिकीतलं वाद्य, शिवकुमार शर्मांनी १९५५ साली ते मुंबईत रागसंगीतासाठी वाजवलं तेव्हा जाणकारांनी नेमकी हीच शंका काढली की काठीने आघात करून वाजणाऱ्या वाद्यावर मींड कशी काढणार. त्यांनी तारांची रचना बदलली, स्टँडवरून काढून वाद्य मांडीवर घेतलं, काठी तारेवर हलकेच घरंगळवून स्वर लांबवायची रीत बसवली आणि मग ते वाद्य रागात बसलं. आज संतूर उपरं आहे असं कुणी म्हणत नाही.

मराठी माणसाला तर हे सांगायलाच नको. नाट्यसंगीत म्हणजे त्या काळचं रागदारीचं नवं रूपच की. १९१६ साली आलेल्या 'स्वयंवर' नाटकाचं संगीत भास्करबुवा बखल्यांचं, बुवा स्वतः पक्के ख्यालिये, ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही अंगांची तालीम घेतलेले, आणि त्यांनी ख्यालाच्या बंदिशींच्या चाली नाटकातल्या पदांना दिल्या. ज्यांनी आयुष्यात मैफल बघितली नव्हती अशा लोकांच्या तोंडी बालगंधर्वांमुळे यमन आणि बिहाग गेले. पुढे १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'साठी जितेंद्र अभिषेकींनी एकच पद दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या गायकींत, दोन वेगळ्या चालींत बांधलं, आणि २०१५ च्या सिनेमात त्याच संगीताला शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी जोडली. तो सिनेमा बघून शिकायला आलेली मुलं मला माहीत आहेत. तुम्ही फ्युजन बँडमधून आलात, ती सिनेमातून आली, त्यांचे पणजोबा नाटकातून आले असतील. दार कुठलंही असो, घर तेच.

पण इथे एक सांगतो, पूर्वीही बदल झाले म्हणून आजचा प्रत्येक बदल चांगला, असं मी म्हणणार नाही. संतूर टिकलं ते नवीन होतं म्हणून नाही, वाद्य रागासाठी बदललं म्हणून टिकलं. माझ्या लेखी नव्या कामाची कसोटी ही एकच आहे. राग वाद्याच्या सोयीने वाकवलाय की वाद्य, अरेंजमेंट, मिक्स हे सगळं रागाच्या सोयीने वाकवलंय? तुम्हाला भूप आवडतो म्हणून भूपावरच दाखवतो. जरा टेक्निकल होईल, पण एकदा समजलं की तुमचं फ्युजन ऐकणंही बदलेल.

भूपात पाच स्वर, सा रे ग प ध. मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. आता वेस्टर्न पद्धतीने गाणं बसवताना हात सगळ्यात आधी तीन कॉर्ड्सवर जातो, 'सा'चा, 'म'चा आणि 'प'चा. साच्या कॉर्डमध्ये सा ग प, ठीक. मच्या कॉर्डमध्ये म ध सा, म्हणजे मध्यम आला. पच्या कॉर्डमध्ये प नी रे, म्हणजे निषाद आला. भूपाने जे दोन स्वर मुद्दाम बाहेर ठेवलेत, आणि ज्या रिकाम्या जागांमुळे त्याला ती शांत भव्यता येते, तेच दोन स्वर आपण गायकाच्या पायाखाली वाजवतोय. गायक शुद्ध भूप गातोय, तरी ऐकणाऱ्याला ते एक छानसं साधं गाणं वाटतं, भूप वाटत नाही.

मग कुणी हुशार अरेंजर म्हणतो, रागाबाहेरचा स्वर नको ना, मग धैवतावरचा (ध) मायनर कॉर्ड घेऊ, त्यात ध सा ग, तिन्ही स्वर भूपातलेच. वरवर अगदी बिनचूक. पण बेस, म्हणजे सगळ्यात खालचा जाड स्वर, जेव्हा धैवतावर जाऊन बसतो तेव्हा कान नकळत धैवतालाच षड्ज, म्हणजे सा, मानायला लागतो, आणि भूपाचे तेच पाच स्वर धैवतापासून मोजले की धानी राग होतो. गंधार षड्ज मानला तर मालकंस होतो, पंचम मानला तर दुर्गा. घरी पेटी किंवा फोनवरचा कीबोर्ड असेल तर वाजवून बघा, पाच पट्ट्या त्याच ठेवायच्या, फक्त खालचा धरलेला स्वर बदलायचा. अंगावर काटा येतो. आपल्याकडे तानपुरा एक क्षणही थांबत नाही आणि बदलत नाही त्याचं कारण हेच आहे, कोणता स्वर घर आहे हे तो सतत सांगत असतो. हलणारा बेस ते घरच हलवतो.

याचा अर्थ कॉर्ड्स वापरूच नयेत असा नाही. मी स्वतः वापरतो. पण भूपासारख्या रागात मी बेस बराच वेळ 'सा'वर धरून ठेवतो, वरचे स्वर सा-प किंवा सा-रे-प असे उघडे ठेवतो, आणि बदल करायचाच असेल तर गायक ज्या स्वरावर न्यास करतोय, म्हणजे टेकून थांबतोय, त्याच्याबरोबर करतो, त्याच्या आधी नाही. शक्ती या फ्युजन ग्रुपने १९७५ मध्ये जे केलं ते ऐकाच. गिटारवर जॉन मॅकलॉफलिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन आणि घटमवर विक्कू विनायकराम, ना कीबोर्ड ना ड्रमसेट. मॅकलॉफलिनने गिटारच बदलून घेतली होती, फ्रेटच्या मधली लाकडी पट्टी खोलगट कोरलेली, म्हणजे तार खेचून मींड काढता येईल, आणि पोटावर तिरक्या तरफेच्या, म्हणजे साथीला गुंजणाऱ्या, तारा. संतूरची गोष्ट तीच, गिटारची गोष्ट तीच. त्याच्या आधी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमध्ये ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून सरकपट्टीने वाजवली, बासरीला हरिप्रसाद चौरसिया, संतूरला शिवकुमार शर्मा, आणि दिवसाच्या प्रहरांप्रमाणे अहिर भैरवपासून पहाडीपर्यंतचे राग. ज्यांना बडा ख्याल जड जातो त्यांना मी हमखास ही रेकॉर्ड सुचवतो, कारण ती लहान आहे, गोड आहे आणि रागाशी कुठेही प्रतारणा नाही.

पुढची कसोटी म्हणजे स्वर जागेवर आहेत का. तानपुरा चांगला जुळलेला असला आणि जवारी (घोडीवर तार गुंजवणारी जागा) मोकळी असली की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी छेडलेला नसताना. हा नैसर्गिक गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा थोडा खाली असतो, एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर साधारण १४ भाग खाली. फार वाटत नाही ना? पण यमनमध्ये गायक गंधारावर दहा सेकंद थांबला आणि खाली कीबोर्डचा गंधार चालू असला की दोघांत एक बारीक थरथर ऐकू येते, जणू काहीतरी जुळत नाहीये. मी पेटीवाला असल्याने हा तिढा माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणूनच आम्ही पेट्या नैसर्गिक स्वरांना जुळवून घेतो आणि गायक गंधारावर ठेहराव घेतो तेव्हा बोट उचलतो, स्वर त्याच्या एकट्याच्या ताब्यात ठेवतो. कीबोर्डवाल्याने पण बोट उचलायला शिकायला हवं, खरंच इतकं सोपं आहे ते.

यापेक्षा मोठा प्रश्न पिच करेक्शनचा, म्हणजे सॉफ्टवेअरने गायकाचा सूर दुरुस्त करण्याचा. ते सॉफ्टवेअर प्रत्येक स्वर जवळच्या बारा घरांपैकी एका घरात नेऊन बसवतं. दरबारी रागाचा कोमल गंधार त्या घरात राहतच नाही, तो नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला असतो आणि सतत झुलत असतो, मींडेने ऋषभाकडे झुकत. तो झुला सरळ केला की दरबारी गेला, मग उरतात त्याचे सात स्वर, आणि ते तर अडाणा या दुसऱ्या रागातही आहेत. स्टुडिओत मला कुणी असं काम दिलं की मी आधीच स्पष्ट सांगतो, गाण्यावर करेक्शन लावायचं असेल तर हा राग नको, दुसरा निवडूया. काही वेळा काम हातचं जातं, जाऊ दे.

त्यानंतर चलन, म्हणजे राग चालतो कसा ते. भूप आणि देशकार, स्वर तेच पाचच्या पाच. भूपाचा जीव गंधारात आणि पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, तो संध्याकाळचा, देशकाराचा जीव धैवतात आणि उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, तो सकाळचा. मारवा आणि पूरियाचं पण तेच, कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही, स्वर एकच, पण मारवा ऋषभ-धैवतावर उभा राहतो आणि पूरिया गंधार-निषादावर. म्हणजे राग फक्त स्वरांच्या यादीत नसतो, कुठे थांबायचं, कुठून वळायचं, कोणता स्वर नुसता शिवून जायचा यात असतो. फ्युजनमध्ये जेव्हा गिटार किंवा व्हायोलिन पाच स्वर सुसाट वर-खाली पळवतं आणि लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मी मनात विचारतो, हा भूप होता की देशकार? उत्तर मिळालं नाही तर वादकाने स्केल वाजवली, राग नाही. त्याच्या हाताच्या तयारीचं कौतुक मी मनापासून करेन, पण राग ऐकला असं म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट जी बाहेरच्यांच्या फार लक्षात येत नाही. नवीन गाण्यात बंदिशीची बहुतेक वेळा फक्त अस्थाई, म्हणजे पहिला भाग, घेतात, चार-सहा वेळा फिरवतात, आणि अंतरा, म्हणजे दुसरा भाग, गाळतात. बंदिशकाराची मुद्रा, म्हणजे त्याचं टोपणनाव, साधारणपणे अंतऱ्यात असते, सदारंग, फैयाज खाँसाहेबांची प्रेमपिया, बडे गुलाम अलींची सबरंग, जगन्नाथबुवा पुरोहितांची गुणिदास. अंतरा गेला की ते नाव गेलं, आणि खाली "पारंपरिक" असं लिहिलं की विषय संपला. मला याचा मनापासून त्रास होतो. ज्या माणसाने दोन ओळींत अख्खा राग बांधला त्याचं नाव राहायला हवं. तुम्हाला एखादी रचना आवडली तर तिचा अंतरा शोधा, तो शोधताना तुम्ही आपोआप मूळ गाण्यापर्यंत पोचाल.

तालाचं थोडक्यात सांगतो. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रांना ओढून-ताणून आठ करायचं, कारण लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तालाचा तुकडा, चारात बसतो, हे फार चालतं. बंदिशीचे शब्द ज्या वजनाने बांधलेत ते वजनच मग जातं. सात मात्रांचा लूप बनवायला काही जास्त कष्ट पडत नाहीत.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण वरचं सगळं सरसकट लागू नाही. पिलू, खमाज, देस, पहाडी, भैरवी या मंडळींना मुळातच मोकळीक आहे, ठुमरीत, धूनेत, लोकगीतात ती वावरलेली आहेत, बाहेरचा स्वर घेऊनही ती गोड लागतात, त्यांच्याखाली कॉर्ड्स छान चालतात. उलट मारवा, श्री, ललित, दरबारी यांना हात लावताना दहा वेळा विचार करावा. मारव्यात षड्जच लांब ठेवलेला असतो, गायक त्याच्याभोवती घिरट्या घालतो पण टेकत नाही, त्यातच ती हुरहुर आहे, आणि आपण खाली ठणठणीत सा-पचा बेस लावला की हुरहुर संपली, पंचम तर त्या रागात नाहीच. दुसरं असं की गाणं स्वतःबद्दल काय सांगतंय तेही बघा. "यमनवर आधारित" म्हटलं असेल तर तो सुगम संगीताच्या अंगाने ऐका, त्याला ख्यालाची फूटपट्टी लावू नका, सिनेमाची आणि भावगीतांची शेकडो सुंदर गाणी अशीच आहेत. "राग यमन" असं नाव दिलं असेल तर मात्र विचारायचा हक्क आपल्याला आहे.

तर आता तुम्ही काय करावं. एक राग निवडा, एकच. दोन-तीन महिने त्याच्याबरोबर राहा. भूप आवडतोच आहे तर भूप घ्या. बड्या ख्यालाने सुरुवात करू नका, आलापानेही नको. आधी मध्यलय किंवा द्रुत, म्हणजे मध्यम किंवा जलद लयीच्या, बंदिशी ऐका, सात-आठ मिनिटांच्या, तीनतालातल्या, टाळी मारत. सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला, नवव्याला खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात. भूपात किशोरीताई आमोणकरांचं 'सहेला रे' आहेच, ते पाठ होईपर्यंत ऐका, शब्द पाठ झाले की मुखडा कुठे येतो ते पण पाठ होतं, आणि त्यानंतर तुम्ही समेची वाट बघायला लागता.

त्याच्या जोडीला जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डी ऐका, हे मी प्रत्येकाला सांगतो. गायिका गौहर जान यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात आपल्या पहिल्या रेकॉर्डी दिल्या तेव्हापासून पुढची काही दशकं आपल्या मोठमोठ्या गवयांना एका बाजूच्या तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडावा लागला. ही सुद्धा तंत्रामुळे आलेली नवीन मांडणीच, आणि त्यातून काय सोनं निघालं बघा. अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी 'जमुना के तीर', केसरबाई केरकरांची भैरवी 'जात कहाँ हो', जी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवरून अवकाशात गेली. लांबी तुमच्या सवयीच्या गाण्याइतकीच, पण ड्रम नाही, कॉर्ड नाही, आधाराला फक्त स्वर आणि ठेका. सुरुवातीला खरखर आड येते, दोन-चार दिवसांत कान ती बाजूला सारतो. तुमच्यासाठी हा नेमका मधला टप्पा आहे.

हे झालं की बडा ख्याल लावा, पण पूर्ण ऐकायचाच असा हट्ट नको. पहिली पंधरा मिनिटं ऐका आणि फक्त दोन गोष्टींवर लक्ष ठेवा, दुसरं तिरकिट, आणि गायक सध्या कोणत्या स्वराच्या आसपास खेळतोय. बढत म्हणजे हेच असतं, मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, एकेक स्वर वर चढत तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या 'सा'पर्यंत. तो पोचायला वीस मिनिटं लागतात, त्यामुळे तार षड्ज लागतो तेव्हा काय वाटतं ते ऐकूनच कळेल. इथपर्यंत आलात की अमीर खाँसाहेबांचा मारवा आहे, एलपीच्या एका बाजूवर मावणारा, तो रात्री उशिरा ऐकू नका, दिवस मावळताना ऐका. आणि फ्युजन ऐकणं या सगळ्या काळात थांबवायची काही गरज नाही. उलट मूळ ऐकून झालं की त्याच रागातलं नवीन गाणं लगेच लावा, बेस कुठे जातोय ते बघा, अंतरा आहे का बघा. काही गाणी तुम्हाला आधीपेक्षा जास्त आवडतील, काही आपोआप गळून पडतील, आणि कोणती का ते तुम्हालाच सांगता येईल.

शेवटचा प्रश्न, शिकावं लागेल का. ऐकण्यासाठी लागत नाही. उत्तम जाणकार श्रोते असे असतात ज्यांना सा लावता येत नाही पण गायकाचा गंधार कणभर चढला तर त्यांच्या कपाळावर आठी येते. पण इच्छा असेल तर वयाचा विचार करू नका. वेळ असेल तर गुरू शोधा, समोर बसून शिकवणारा, आणि तेवढा वेळ नसेल तर फोनवर तानपुरा लावून रोज थोडा वेळ नुसता सा धरायचा प्रयत्न करा, मग पंचम, मग भूपातले बाकीचे तीन. स्वतःच्या गळ्यात गंधार एकदा तानपुऱ्यात मिसळून गेला ना, की मोठा गायक तिथे इतका वेळ का थांबतो हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

राग नक्की कुठला घेताय आणि आवाज बायकांचा जास्त आवडतो की पुरुषांचा तेवढं लिहा, म्हणजे त्यातल्या सोप्या मध्यलय बंदिशी कुठून सुरू करायच्या ते सांगतो. तुमच्या त्या बँडच्या गाण्यातली बंदिश कोणती तेही कळवा, तिचा अंतरा माहीत असेल तर लिहून देतो.